कोयत्यांची टोळी आणि तांदळे बाई

तांदळे बाई निबंधाची वही आधी उघडायच्याच नाहीत. वही बंद. बंद वहीवर डावा तळहात. आणि समोर उभ्या पोराला एकच शब्द : "सांग."

पोरगं म्हणायचं, "बाई, लिवलंय की वहीत."

"वहीत हाय ते वहीला म्हाईत. तुला काय म्हाईत हाय ते सांग."

मग पोरगं अडखळत सांगायचं. सांगता आलं की तळहात उचलला जायचा आणि वही उघडायची. नाही आलं तर वही तशीच बंद परत. लाल शेरा नाही, छडी नाही, "उद्या बापाला घेऊन ये" नाही. न उघडलेली वही घेऊन जागेवर जाण्याची ही शिक्षा मी सातवीत भोगलेली आहे. छडी परवडली, असं माझं आजही मत आहे.

तेव्हा एआय नव्हतं. गाईड होतं. पण बाईंचा तळहात तेव्हाही होता, आणि मला जे सांगायचंय त्याची सुरुवात तिथून होते. एआय आल्यावर आमच्या बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या बाजूच्या शाळांमध्ये जो गोंधळ उडाला, तो ज्या एका वर्गात उडाला नाही तो वर्ग बाईंचा होता.

बाई मराठी शिकवायच्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की हायवेवरच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मागे घ्यावा. चहा बिनसाखरेचा. जिल्हाभरची माणसं ऊस तोडायला जातात म्हणून बाईंनी साखर सोडली, अशी माझी समजूत होती. मी ते पत्रकात छापायचं ठरवलं आणि परवानगी मागायला गेलो. बाई म्हणाल्या, "शुगर हाय बाबा मला. आंदोलन न्हाई."

पत्रकांचं सांगायला हवं. ऊसतोड मजुरांच्या पोरांची शाळा सुटू नये म्हणून आमचा एक लहानसा गट आहे. त्याची पत्रकं मी लिहितो. प्रत्येक पत्रक मी बाईंना दाखवायचो. त्या चष्मा वर सरकवून वाचायच्या आणि परत द्यायच्या. "धिक्कार चार ठिकाणी हाय. जागे व्हा दोन ठिकाणी. पोरगं एका बी ठिकाणी न्हाई. कुणासाठी लिवलंय हे?"

आता शाळेचं. शाळेचं नाव लिहीत नाही. गावागावांत अशी शाळा आहे. संस्था अण्णांची. अण्णा म्हणजे राजकारणातले अण्णा, प्रत्येक तालुक्याला एक असतात तसे. संस्थेचे सचिव त्यांचे पुतणे, भैयासाहेब. पुण्यात शिकून आलेले. पोरं मोबाईलला सांगून निबंध, प्रकल्प, स्वाध्याय, सगळं लिहून घेतात हे कळल्यावर शाळेनं काय केलं? फ्लेक्स लावला. गेटच्या डाव्या बाजूला : 'आमचे विद्यालय, एआय-मुक्त विद्यालय'. उजव्या बाजूला प्रवेशाचा फ्लेक्स आधीपासून होता : 'अद्ययावत एआय लॅबसह प्रवेश सुरू'. दोन्हींवर अण्णांचा तोच फोटो, तोच हात जोडलेला. या दोन फ्लेक्सच्या मधून पोरं रोज शाळेत जात होती आणि एकाही मास्तराला हसू येत नव्हतं. मला तर संताप आला होता. अजूनही येतो.

मग फोनबंदी. गेटवर टोपली, सगळे फोन टोपलीत. ठीक आहे. पण आमच्याकडे निम्म्या वर्गाचे आई-बाप दिवाळीनंतर कारखान्याला जातात ते उन्हाळ्यातच येतात. त्या पोरांच्या हातातला फोन म्हणजे आई-बाप. हे भैयासाहेबांना कोण सांगणार? बाईंनी सांगितलं नाही. त्या मधल्या सुट्टीत टोपलीपाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. "ज्याला घरी बोलायचंय त्यानं घ्या. बोला. ओरडून बोला, उसाच्या फडात ऐकू येत न्हाई."

त्याच हिवाळ्यात नववीतल्या ओंकारचा निबंध झाला.

विषय होता 'माझे घर'. ओंकारनं लिहिला नाही, मोबाईलला तोंडानं सांगितला : माझे वडील टोळीत आहेत, टोळीत बारा कोयते आहेत, मुकादमाकडून उचल घेतली आहे, यावर चांगला निबंध लिही. आमच्याकडच्या माणसाला यात काही वेगळं वाटणार नाही. टोळी म्हणजे ऊस तोडणाऱ्यांचा जथा. मुकादम त्यांना कारखान्याला नेतो. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम. मोबाईलला यातलं काय माहीत? त्यानं सुंदर, शुद्ध, स्वल्पविरामांसकट निबंध लिहिला. ओंकारनं तो वळणदार अक्षरात उतरवून काढला आणि नेऊन दिला.

बाईंनी तळहात ठेवला. "सांग. वडील कुठं हायत?"

"कारखान्याला, बाई."

"बरं चाललंय?"

"हाव. थंडी लई हाय म्हणले."

सांगता आलं, म्हणून बाईंनी वही उघडली. दोन ओळी वाचल्या, थांबल्या, परत पहिल्यापासून वाचल्या. मग वही ओंकारच्या हातात दिली. "मोठ्यानं वाच."

ओंकार वाचू लागला. "माझे वडील दुर्दैवाने एका सशस्त्र टोळीच्या जाळ्यात सापडले आहेत. या टोळीकडे बारा धारदार कोयते असून मुकादम नावाचा तिचा म्होरक्या आहे. उचलेगिरीच्या मार्गाने मिळालेला पैसा कधीही सुख देत नाही." वर्ग हसायला लागला होता. ओंकारचा आवाज बारीक होत गेला. "बाबा, अजूनही वेळ गेलेली नाही. शस्त्रे खाली ठेवा आणि पोलिसांना शरण जा."

मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "ओंक्या, तुझ्या बापाला मोक्का लागला रे!" वर्ग फुटला. ओंकारच्या डोळ्यांत पाणी.

"गप." बाई म्हणाल्या. वर्ग गप. "हसताय कुणाला? ज्यानं ज्यानं स्वतःचा निबंध द्यायच्या आधी एकदा तरी वाचला आसंल त्यानं हात वर करा." चार हात वर आले, त्यातले दोन खाली गेले.

आमच्या गटानं ही गोष्ट नंतर तालुकाभर सांगितली. मशीन कसं मूर्ख, त्याला कोयताही कळत नाही, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. मी तर पत्रकाचा मथळाही काढला होता. बाईंनी तो खोडला.

"मशीनला हसू नको," त्या म्हणाल्या. "ते उद्या शिकंल. त्याला कोयता कळंल, उचल कळंल, आपल्यापेक्षा चांगलं कळंल. तवा काय करशील? चूक मशीनची न्हाई. बाप ओंकारचा हाय. त्याच्या बापाला कुणीतरी दरोडेखोर म्हणलं आन् त्यानं ते छान अक्षरात उतरवून आणलं. माझं दुखणं ते हाय."

ओंकारनं दुसऱ्या दिवशी तीन ओळी लिहून आणल्या. बाबा फोनवर फार बोलत नाहीत. जेवलास का म्हणून विचारतात. मी नसलो जेवलो तरी हो म्हणतो. एवढंच. बाईंनी त्याला चौथी ओळ लिहायला लावली नाही.

बाकीच्या मास्तरांना वाटायचं, बाई एआयच्या बाजूच्या आहेत. कारण त्या बंदीच्या कुठल्याही ठरावाला हात वर करायच्या नाहीत. स्टाफरूममध्ये एकदा एका सरांनी विचारलंच, "बाई, तुमाला काय, पोरं बिघडली तरी चालतात का?"

बाई म्हणाल्या, "सर, 'माझा आवडता प्राणी' तुमी किती वर्षं फळ्यावर लिवून देताय?"

"का बरं?"

"गाय. गाईला चार पाय, दोन शिंगं. सगळ्या वर्गाची गाय एकच. ज्याच्या घरी शेळी हाय त्यानं बी गायच लिवायची, कारण परीक्षेला गाय येती. पोराला न बघता लिवायला शिकवलं आपण. मशीन आत्ता आलं. त्याला तयार शिष्य मिळाले."

सरांनी चहा अर्धा ठेवला. मी हे ऐकून इतका खूश झालो की टाळी वाजवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं : "तुझं बी पत्रक गायच हाय."

आता रेणुकाचं. हे सांगायला मला नीट जमलं पाहिजे.

रेणुका दहावीत होती. आई-बाप कोल्हापूरकडे कारखान्याला, ती गावात मावशीकडे. बोलायला अगदी कमी. पण पाचवीपासून बाईंच्या हाताखाली शिकलेली, आणि लिहायची मात्र अशी की एक शब्द जादा नाही. घरी 'हाय, न्हाई' बोलणारी पोरगी कागदावर स्वच्छ प्रमाण मराठी लिहायची. बाईंचं म्हणणंच होतं : बोलायचं आपल्या तोंडानं, लिहायचं आपल्या मनानं, भाषा दोन्ही आल्या पाहिजेत.

भैयासाहेबांनी त्या वर्षी एक ॲप आणलं. लिखाणाचा फोटो टाकला की ते सांगायचं, हे माणसाचं आहे की मशीनचं. दहावीचे प्रकल्प त्यात टाकले. ज्या पोरांनी मोबाईललाच 'बीडच्या भाषेत लिही, थोड्या चुका कर' असं सांगून लिहून घेतलं होतं, ती सुटली. रेणुका सापडली. कारण काय? शुद्ध लिहिलं होतं! ज्या शाळेनं पोरांना शुद्धलेखनासाठी पाच वर्षं झोडपलं, त्या शाळेनं शुद्ध लिहिणारीला चोर ठरवलं. यापेक्षा मोठा निर्लज्जपणा मला दाखवा.

शिक्षा ठरली होती. अंतर्गत गुण शून्य, आणि आई-बाप स्वतः येऊन लिहून देईपर्यंत हॉल तिकीट नाही. हंगाम ऐन भरात. मुकादम टोळीतून जोडी सोडत नाही, सोडली तर उचल अंगावर. म्हणजे आई-बाप येणार नव्हते. रेणुकानं मावशीला सांगून टाकलं, "मी जाते आईकडं. शाळा राहू दे." दहावीतली पोरगी फडावर गेली की पुढच्या लग्नसराईत तिचं काय होतं, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पोरीची सगळी पुढची वाट त्या ॲपच्या एका टिचकीवर अडकली होती.

मावशी रात्रभर रडून माझ्याकडे आली. मी तिला घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापकांची खोली. खुर्चीत खाडे सर, मुख्याध्यापक. शेजारी भैयासाहेब लॅपटॉप उघडून. भिंतीला टेकून रेणुका. बाई दारात. मी भाषण तयार करून गेलो होतो. बाईंनी मला नजरेनंच खाली बसवलं.

"ॲप काय म्हणतं ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "पोरीला कुणी विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात, मॅडम?" भैयासाहेब म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते, ही आणखी चीड आणणारी गोष्ट. अगदी समजावून सांगत होते. "मी पण वाचलंय. हे वाक्य बघा. 'आई आजारी पडली आणि बाबा अर्धा कोयता झाले.' याला काही अर्थ आहे? माणूस कोयता कसा होईल? मशीन भंजाळलं की असंच काहीतरी लिहितं."

मावशीनं पदर तोंडाला लावला. दाराबाहेर घंटेपाशी उभा असलेला शिपाई आत बघायला लागला.

"बोल रेणुका," खाडे सर म्हणाले. "याचा अर्थ सांग."

रेणुका फरशीकडे बघत होती. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. भैयासाहेबांनी हात पसरले : बघा, म्हणून.

तेव्हा बाई आत आल्या. रेणुकाच्या पुढे उभ्या राहिल्या आणि खाडे सरांना म्हणाल्या, "सर, तुमी सांगा की. तुमाला म्हाईत हाय."

खाडे सर खिडकीबाहेर बघायला लागले. हा माणूस कडक इस्त्रीचा, कधी गावच्या भाषेत न बोलणारा. मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला आणि त्याच्याशी बोलल्यासारखे बोलले.

"एक कोयता म्हणजे एक जोडी. नवरा-बायको. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बायको आजारी पडली, किंवा गेली, तर राहिलेला गडी अर्धा कोयता." थांबले. "माझी आई गेल्यावर माझा बाप अर्धा कोयता होता. मी त्याच्याबरोबर फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहत होतो."

भैयासाहेबांनी लॅपटॉप बंद केला. आवाज न करता.

शून्य गेलं. हॉल तिकीट मिळालं. मी बाहेर येऊन बाईंच्या पाया पडायला वाकलो तर त्या म्हणाल्या, "अजून काम हाय. नुसती रेणुकाच का? बाकीच्यांची बी वही बंद करून विचारा म्हणावं."

आणि बाईंनी स्वतःच ते केलं. ॲपनं पकडलेल्या प्रत्येक पोराला व्हरांड्यात बोलावलं. आठवडाभर, शाळा सुटल्यावर, एकेक पोरगं, एकेक बंद प्रकल्प. काहींनी खरंच मशीनकडून लिहून घेतलं होतं. त्यांना बाईंनी सोडलं नाही : "आज तुला काही येत न्हाई. उद्या ये." उद्या आला की परत. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच काहीतरी लिहून आणायचा, वाकडं, अपुरं, पण विचारलं की सांगता येणारं. न पकडलेल्यांनाही त्यांनी बोलावलं. शहाणपणा करून सुटलेले तिथे सापडले. त्यांच्यावरही शून्य नाही. 'उद्या ये.' शाळेला एक ॲप, दोन फ्लेक्स आणि एक टोपली लावून जे जमलं नाही ते एका बाईनं व्हरांड्यात बसून केलं. शिकवणं म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी तो व्हरांडा दाखवीन.

संस्थेनं याची दखल घेतली. म्हणजे बाईंची बदली केली. प्रशासकीय कारणास्तव, संस्थेच्या तलवाड्याच्या शाखेत, पाचवीच्या वर्गावर. मी पत्रक काढायला निघालो. बाई म्हणाल्या, "न्हाई. पाचवी चांगली. तिथं अजून कुणाची गाय झाली नसंल."

जूनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, अण्णांच्या वतीने भैयासाहेब. एका नववीच्या मुलीनं भाषण वाचलं : आदरणीय मॅडम म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर, अंधारातील दीपस्तंभ, त्यांच्या कार्याचा सुगंध दरवळत राहील. ते कुणी लिहिलं होतं हे सभागृहातल्या लहान पोरालाही कळत होतं. बाई शेवटपर्यंत शांत बसल्या, मग त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माईक घेतला.

"लई गोड झालं," त्या म्हणाल्या. "माझ्यात काही वाईट हाय का न्हाई? कोण सांगतंय?"

पोरं आधी हसली. मग हात वर यायला लागले.

"बाई, तुमी ओरडता लई!"

"बाई, तुमी मला सहा महिने संतोष म्हणला. संतोष माझा भाऊ हाय."

"बाई, तुमी उद्या ये म्हणता आन् उद्या खरंच बोलावता!"

बाई मोकळेपणानं हसत होत्या. खाडे सरही हसले. मग मागून रेणुका उठली. दहावी पास झाली होती, गावातच अकरावीला जाणार होती, खास आली होती. हसत नव्हती.

"बाई, त्या दिवशी सरांच्या खोलीत तुमी मला बोलू दिलं न्हाई."

हसणं एका बाजूनं थांबत थांबत दुसऱ्या बाजूपर्यंत गेलं.

"मी जुळवत होते," रेणुका म्हणाली. "मला येत होतं. मी सांगणारच होते. तुमी माझ्या पुढं उभ्या राहिल्या आन् सरांना बोलायला लावलं. अजून बी सगळ्यांना वाटतं, मला सांगता आलं न्हाई."

मी चिडलो होतो. या पोरीसाठी बाईंनी बदली ओढवून घेतली, आणि ही भर सभेत असं बोलते? मी अर्धा उठलोही. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण राग नव्हता. त्या काही तरी परत पाहत होत्या, ती खोली असेल, फरशीकडे बघणारी पोरगी असेल.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "घाई माझी झाली. आता सांग."

त्यांनी अंगावरची शाल काढली, घडी करून श्रीफळाशेजारी ठेवली, माईक बंद केला आणि स्टेजवरून खाली उतरल्या. पहिल्या बाकावर दोन पोरं बसली होती, त्यांनी जागा केली. लहान बाक, बाई उंच, तिरप्या बसल्या. बाहेर तलवाड्याला सोडायला आलेल्या जीपनं हॉर्न दिला. भैयासाहेबांनी घड्याळ पाहिलं. कोणी उठलं नाही.

रेणुका चालत पुढे आली आणि आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. जीपचा हॉर्न परत वाजला, कुणीतरी खोकलं, आणि बाई हाताची घडी घालून, मान थोडी वर करून, न हलता तिच्याकडे बघत बसल्या होत्या.